नळदुर्गचा सांडवा

ऑगस्ट संपता संपता बोरी धरण भरल्याची बातमी आली आणि मुलांनी घर डोक्यावर घेतलं. बोरी धरण भरून वाहू लागलं की नळदुर्ग किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू होतात. आमच्या धाराशिव जिल्ह्यात हा नजारा काही दरवर्षी बघायला मिळत नाही. रविवारी जायचं ठरलं. अम्मी मात्र नाहीच म्हणत होत्या. "बहता पानी क्या देखना? इत्ता पानी फुकट जाते देखके जीव जळतो माझा."

त्यांचं जीव जळणं मला कळतं. १९७२ च्या दुष्काळात अम्मी चौदा वर्षांच्या होत्या. गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं. त्या आणि खाला दिवसभर मातीची टोपली वाहायच्या. खायला मिलोची भाकरी, कामावर मिळणारी सुकडी. एवढ्या कष्टानं बांधलेला तो बंधारा पुढं पहिल्याच मोठ्या पावसात फुटला. ही गोष्ट अम्मी फारशी सांगत नाहीत.

शेवटी नातवंडांपुढं त्यांचं काही चाललं नाही. धाराशिवहून तुळजापूरमार्गे नळदुर्ग पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सोलापूरकडून येणाऱ्यांना हैदराबाद महामार्गावरच हे गाव लागतं. दशम्या, शेंगादाण्याची चटणी, खिम्याचा डबा आणि एक चादर घेऊन आम्ही निघालो.

किल्ला प्रचंड आहे. शंभराहून अधिक बुरूज, त्यातला उंच उपळ्या बुरूज लांबूनच दिसतो. मुलांनी तो चढून घेतला. आम्ही सावकाश बोरीकडे निघालो. मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ यांच्या मधून नदी वाहते. इब्राहीम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, तिच्यावर हा दगडी बांध घातला गेला. बांधणाऱ्याचं नाव मीर महंमद इमादीन. बांध जवळजवळ ९० फूट उंच, आणि त्याच्या पोटात जिने, दालनं. तोच पाणीमहाल. इथं फारसी शिलालेख आहे. मी उर्दू शाळेत शिकवते म्हणून मुलांनी मला वाचायला लावलं. अक्षरं सगळी ओळखीची, मजकूर मात्र थोडाच उमगला. मुलं हसली.

बांधाच्या माथ्यावरून दोन ठिकाणी पाणी खाली झेपावत होतं. एक नर, दुसरी मादी. आवाजानं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. अम्मींचे गुडघे दुखतात, तरी भिंतीला हात लावत, एकेक पायरी करत त्या महालात उतरल्या. आत कोरडं आणि गारेगार. समोरच्या कमानीतून पाण्याचा पडदा कोसळताना दिसत होता. धाकटा "दादी, दादी" करत नाचत होता.

अम्मी बराच वेळ गप्प होत्या. मग दगडांचे सांधे बोटांनी चाचपत त्यांनी विचारलं, "हे चारशे वर्षं फुटलं कसं नाही?"

मी शिक्षिका, मला समजावून सांगायची सवय. म्हटलं, "अम्मी, बांधणाऱ्यानं जादा पाण्याला वाट ठेवली. लोक ज्याला धबधबा म्हणतात ना, तो या बांधाचा सांडवा आहे. ही वाट नसती तर पूर आल्यावर पाण्यानं भिंतच नेली असती."

"आमच्या तळ्याला वाटच ठेवली नव्हती," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, आम्हीच माती नीट दाबली नाही." पन्नास वर्षं ही सल त्या मनात घेऊन जगत होत्या आणि मला, त्यांच्या मुलीला, पत्ता नव्हता.

जोहरची नमाज आम्ही झाडाखाली चादर टाकून अदा केली. तिथंच दस्तरखान मांडला. जेवताना अम्मींनी पुन्हा विचारलं, "पन ये पानी जाता कहाँ?" मी सांगितलं, बोरी पुढं अक्कलकोट तालुक्यात जाते, तिथलं कुरनूर धरण भरते, आणि मग भीमेला मिळते.

जाणाऱ्यांना दोन गोष्टी सांगते. पाणी वाहत असताना दगड शेवाळलेले असतात, फोटोसाठी काठावर जाऊ नका, मुलांचे हात सोडू नका. पाणीमहालात उतरायला रखवालदारानं मनाई केली तर ऐका. आणि आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत आणा.

निघताना अम्मींनी माझा फोन मागितला. खाला अक्कलकोट तालुक्यात दिलेल्या. धबधब्याच्या आवाजात त्या ओरडून सांगत होत्या, "सुन, यहाँ से पानी भेज रई हूँ. देख लेना!"