पिंपाचे घराणे विचारा

सोयरीक जुळवायची म्हटली की आपण मुलाचे शेत किती, विहिरीला पाणी किती हे विचारतोच. पण त्याआधी घराणे विचारतो. कुणाचे कोण, आजोळ कुठले, घरात कुणाला काही खोड आहे का, याची चार ठिकाणी चौकशी करतो. गुऱ्हाळाच्या रसासाठी जुने पिंप घ्यायला जाल तेव्हाही हीच रीत पाळा, एवढेच आज तुम्हाला सांगायचे आहे. पिंप नवे दिसते की जुने, निळे आहे की काळे, हे मागाहून पाहा. आधी विचारा, या पिंपात पूर्वी काय होते?

दिवाळी झाली की आमच्या भागात चरक फिरू लागतात. ज्याचे मोठे गुऱ्हाळघर आहे त्याचा पक्का हौद असतो. पण अलीकडे घरापुरती काकवी करणारे, छोटी काहील मांडून चार पैसे मिळवणारे पुष्कळजण आहेत. काहिलीतले एक आधण उतरेपर्यंत चरकाचा रस कशात तरी साठवावा लागतो. दोनशे लिटरची तीन-चार पिंपे लागतात. नवी घ्यायची तर खिसा आड येतो. मग आपण तालुक्याच्या भंगार बाजारात जातो. यात कमीपणा काही नाही. आमच्या आईने तेलाच्या रिकाम्या डब्यांत धान्य ठेवले, रॉकेलच्या डब्याला दांडी बसवून त्याने जनावरांना पाणी पाजले. मात्र रॉकेलच्या डब्यातले पाणी तिने कधी माणसाच्या तोंडी लागू दिले नाही. काटकसर तिच्याकडून शिकावी आणि ही शिस्तही.

भंगारवाल्याशी आमचे बोलणे दरवर्षी साधारण असे होते.

"घ्या की दादा, एकदम फक्कड पिंप हाय."

"हुतं काय ह्यात?"

"काय नव्हतं. धुतलेलं हाय. साबणानं."

"धुतलं ते बरं केलंस. पण हुतं काय?"

तो सांगू शकला नाही तर मी पुढच्या दुकानी जातो. दर अर्धा केला तरी थांबत नाही.

आता हा हट्ट कशासाठी, ते समजून घ्या. प्लास्टिक वरून काचेसारखे गुळगुळीत दिसते, पण ते काचेसारखे नाही. लोणच्याच्या बरणीचे झाकण दहा वेळा धुतले तरी वास जातो का? तेल, रॉकेल, रंगातली पातळ द्रव्ये, कीटकनाशके यांचा अंश प्लास्टिकच्या अंगात मुरतो. धुण्याने वरचा थर जातो, मुरलेले राहते. मग आत गोड, किंचित आंबट रस भरला की ते हळूहळू बाहेर येते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पुष्कळांना वाटते की रस तासन् तास उकळतो, त्यात असले-नसले सगळे जळून जाईल. उकळल्याने जंतू मरतात हे खरे. पण काहिलीतून वाफ होऊन जाते ते मुख्यतः पाणी. शिसे, जस्त यांसारखे धातू आणि न उडणारी रसायने मागेच राहतात, आणि पाणी कमी होईल तशी घट्ट होत जातात. ढोबळ हिशेब करा. वीस टक्के गोडीचा साडेतीन किलो रस आटला की एक किलो काकवी होते, आणि गुळाला पाच किलोच्या आसपास रस लागतो. म्हणजे रसात जे थोडे होते ते काकवीत साडेतीनपट आणि गुळात पाचपट.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात आणि कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात मेपल नावाच्या झाडाला भोक पाडून त्याचा रस धरतात आणि आपल्यासारखाच आटवतात. त्या रसात साखर अवघी दोन टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे सुमारे चाळीस लिटर रसाचा एक लिटर पाक निघतो. तिकडचे शेतकरीही काटकसरी. दूध थंड ठेवायच्या जुन्या स्टीलच्या टाक्या विकत घेऊन त्यांत रस साठवतात. पण पूर्वीच्या बादल्यांना आणि कढयांना शिशाचा डाग दिलेला असे. त्यातले शिसे पाकात उतरते हे ध्यानात आल्यावर तशी भांडी काढून टाकायची मोहीमच तिकडे घ्यावी लागली. चाळीसपट आटवणाऱ्यांना ते आधी कळले. आपण पाचपट आटवतो, म्हणून आपण सुटलो असे नव्हे.

आणि आपल्या देशातले एक उदाहरण तर विसरू नये असे आहे. बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत १६ जुलै २०१३ रोजी दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. तपासणीत जेवणात आणि स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले गेले असावे, असा संशय तेव्हा व्यक्त झाला. एका डब्याचे घराणे कुणी विचारले नाही, तर काय होऊ शकते ते यावरून ओळखा.

तेव्हा पिंप पाहताना काय काय पाहावे, ते क्रमाने सांगतो.

आधी चिठ्ठी पाहा. खरवडलेली चिठ्ठी असेल तर का खरवडली ते विचारा. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ काढू नका. तोही विषाचाच रंग आहे. असल्या डब्याला घरात कसलेच काम देऊ नये, अगदी जनावरांच्या पाण्याचेही नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही असे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत असे सांगितले आहे. मोकळा होताच डबा तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता आणि डब्याला भोक पाडा. म्हणजे तो फिरून कुणाच्या घरी पाणी भरायला जाणार नाही.

मग पिंपाचा तळ पाहा. बाणांच्या त्रिकोणात २ हा आकडा असतो. तो फक्त प्लास्टिकची जात सांगतो. आत काय होते ते सांगत नाही. निळ्या रंगाचेही तसेच. निळ्या पिंपातून पाक येतो तसे आम्लही येते. काळ्या, खरबरीत पिंपात कसकसले भंगार वितळवले असेल याचा भरवसा नाही. रसासाठी ते नकोच.

चांगल्या घराण्याची पिंपे कोणती? गोळ्या-बिस्किटांच्या कारखान्यात पातळ ग्लुकोज येते, त्याची पिंपे उत्तम. ते पाण्यात विरघळते, मागे वास ठेवत नाही. शक्यतो कारखान्यातूनच थेट घ्यावीत, चिठ्ठीसकट. लोणच्याचे आणि खाद्यतेलाचे पिंप विषारी नव्हे, पण त्याचा वास रसाला लागतो. ते पेंड-भुश्श्याला ठेवावे. दूध संघातून निघालेले चाळीस लिटरचे कॅन मिळाले तर सोडू नका. मात्र आत उजेड टाकून खड्डे पाहा, सांधे पाहा. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यात रस ठेवू नये. रस आंबट होऊ लागला की जस्त विरघळते. पितळी भांडे असेल तर कल्हई धड हवी.

तोंड रुंद असलेले, कडीचे झाकण असलेले पिंप घ्या. ज्यात हात कोपरापर्यंत जात नाही ते तुम्ही धुणार कसे? आतून ओरखडे असतील तर त्यात बुळबुळीत थर धरतो. बाहेरून पांढुरके पडलेले आणि नखाने भुकटी निघणारे पिंप उन्हाने खंगलेले आहे, ते भरल्या अंगाने फुटेल.

शेवटी नाकाची परीक्षा. पिंपात पाव भाग कोमट पाणी घालून झाकण लावा, दिवसभर उन्हात ठेवा. संध्याकाळी झाकण किलकिले करून, हाताने वारा नाकाकडे घेऊन वास पाहा. चव मात्र बघू नका. औषधाचा, रंगाचा, रॉकेलचा नुसता भास झाला तरी पिंप परत. हे काम घरातल्या बाईमाणसाला सांगावे. आमच्याकडे माझ्या पत्नीचे नाक शेवटचा निवाडा देते आणि त्यावर अपील नाही. पण वास नाही म्हणजे विष नाही, असे समजू नका. घराणे आधी, नाक नंतर.

आता धुण्याची रीत. झाकण, रबरी कडे, बूच सगळे सुटे करा. घाण बहुधा तिथेच असते. साध्या पाण्याने तीनदा विसळा. मग हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात, दहा लिटरला शंभर ग्रॅम धुण्याचा सोडा घालून काथ्याच्या कुंचल्याने घासा. हातात रबरी मोजे घाला. तारेची घासणी नको, तिचे ओरखडे पडतात. उकळते पाणी नको, पिंप वाकडे होते. ॲल्युमिनियमच्या कॅनला सोडा लावू नका, तो धातू खातो. तिथे भांड्यांचा साबण पुरे.

स्वच्छ पाण्याने धुऊन झाल्यावर ब्लीचिंग पावडर. ताजी, घट्ट झाकलेली पावडर तीस ग्रॅम घ्या, प्लास्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचे निवळ पाणी दोनशे लिटर पाण्याने भरलेल्या पिंपात मिसळा. रात्रभर ठेवा. सकाळी रिकामे करून वास जाईपर्यंत विसळा आणि दोन विटांवर तोंड खाली करून उन्हात वाळवा. स्टीलच्या भांड्यात हे पाणी रात्रभर ठेवू नका, खड्डे पडतात. ब्लीचिंग पावडरीत कसलेही आम्ल, मोरी धुण्याचे औषध मिसळू नका. त्यातून निघणारा वायू छातीत भरतो.

हंगामात पिंप रिकामे झाले की लगेच धुवा. रस सुकला की भिंतीवर चिकट थर धरतो आणि तोच दुसऱ्या दिवशीच्या रसाला विरजण लावतो. मग गूळ नीट बसत नाही आणि आपण उसाला दोष देतो. गरम काकवी तर प्लास्टिकच्या पिंपात ओतूच नका. विकायच्या काकवीला खाण्याच्या पदार्थासाठीच बनवलेले नवे भांडे घ्या. गिऱ्हाइकाच्या घरातही लेकरे असतात.

आणखी एक. पिंपाचे तोंड मोठे करायला कुणी गॅसने किंवा कटरने कापत असेल तर त्याला थांबवा. आत तेलाची, स्पिरिटची वाफ राहिलेली असली तर ठिणगीने पिंप बॉम्बसारखे फुटते. रिकामे दिसणारे पिंप तर जास्तच धोक्याचे, कारण त्यात वाफच भरलेली असते.

पिंप घरी आले की ऑइलपेंटने त्यावर मोठ्या अक्षरात लिहा: रस, पाणी, फवारणी. फवारणीचे पिंप गोठ्यापलीकडे, कुलपात. एकाचे काम दुसऱ्याला कधी देऊ नका, पाहुणे आले तरी नाही, लग्नाची घाई असली तरी नाही. घरात कुणाला वाचता येत नसेल तर शेजारी चित्र काढा, उसाचे कांडे, घागर आणि कवटी. आमच्या पिंपांवरची चित्रे नातवाने काढली आहेत. कवटी त्याने इतकी भयंकर काढली आहे की शेळ्यादेखील त्या बाजूला फिरकत नाहीत.