मागच्या सीटचं दार

पुण्याच्या टेल्कोतून एका वर्षाच्या अंतरानं दोन गाड्या बाहेर पडल्या. १९९१ मध्ये टाटा सिएरा आणि १९९२ मध्ये टाटा इस्टेट. दोन्हींचं मूळ १९८८ च्या टाटामोबाइल या पिकअपमध्ये. इंजिनही सारखंच, १९४८ सीसीचं डिझेल. म्हणजे दोघी सख्ख्या बहिणीच. पण इस्टेटला चार माणसांची दारं होती आणि पाचवं मागचं, सामानाचं. सिएराला माणसांसाठी दोनच दारं, तिसरं सामानाचं. इंजिनाबद्दल बोलणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र दारांबद्दलच बोलायचं आहे.

‘कूपे’ हा शब्द आपल्याला रेल्वेमुळे माहीत आहे. फर्स्ट क्लासातला दोघांपुरता डबा म्हणजे कूपे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘कापलेला’. मोठ्या घोडागाडीचा अर्धा भाग कापून दोघांपुरती बग्गी केली, तिचं हे नाव. पुढे ते दोन दारांच्या डौलदार मोटारीला मिळालं. सिएरा काटेकोर अर्थानं कूपे नव्हती, पण स्वभाव तोच. इस्टेटचं घराणं वेगळं. इंग्लंडात जमीनदाराच्या इस्टेटीवर पाहुणे, शिकारीचं सामान, कुत्री असं सगळं वाहून नेणारी ती इस्टेट कार. अमेरिकेत तिलाच स्टेशन वॅगन म्हणतात, कारण ती रेल्वे स्टेशनवरून माणसं सामानासकट घरी आणायची. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. नाशिकरोड स्टेशनवरून आमच्या जुन्या नाशकात खालाजान यायच्या तो टांगा दुसरं काय होता? पुढे दोन बुरखे, मागे दोन मुलं, पायाशी ट्रंक आणि मांडीवर आंब्याची करंडी.

आमच्या खानदानात या दोन्ही गाड्या नांदल्या. दोन्ही सेकंडहँड. बडे अब्बांनी इस्टेट घेतली, मामूंनी सिएरा.

सिएरा गल्लीत आली की पोरं धावायची. मागच्या बाजूची ती भलीमोठी काच थेट छताकडे वळत गेलेली; तशी काच आम्ही कुठल्या गाडीला पाहिली नव्हती. मामू जुम्म्याला अत्तर लावून, पांढरा कुर्ता घालून निघायचे तेव्हा गाडीही न्हाऊनमाखून तयार असायची. घरातले बुजुर्ग पुटपुटायचे, हा दिखावा आहे. मला तसं कधी वाटलं नाही. सूरह नहलमध्ये घोडे, खेचरं आणि गाढवं यांचा उल्लेख येतो तो स्वारीसाठी आणि शोभेसाठी, असा दोन्हींसाठी. शोभेला तिथं मनाई नाही. ती निआमतीतच मोजली आहे. दिवसभर दुकानात घाम गाळणाऱ्या माणसाला एखादी देखणी वस्तू आपली असावीशी वाटली, तर त्याला लगेच गुन्हेगार ठरवू नये.

इस्टेटच्या वाट्याला असं कौतुक आलं नाही. ‘मय्यतची गाडी’ असं तिला शेजारच्यांनी पहिल्याच आठवड्यात म्हटलं. लांब पाठ, चौकोनी मागची बाजू. लोकांना ॲम्ब्युलन्सच आठवायची. पण नियाजच्या देगा कुणाच्या गाडीतून जायच्या? मालेगावला दिलेल्या फुफीच्या मुलीच्या जहेजच्या पेट्या कुणी नेल्या? ‘मय्यतची गाडी’ म्हणणारेच रात्री दार वाजवून चावी मागायचे. बडे अब्बांनी कुणाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

१९९९ मध्ये दादीच्या कंबरेचं हाड मोडलं. मुंबईला दाखवायचं ठरलं. तेव्हा मुंबईचा रस्ता चार-पाच तासांचा, त्यात कसाऱ्याचा घाट. मामू आपली गाडी घेऊन फजरलाच हजर झाले होते. त्यांच्या मायेत काही कमी नव्हतं. पण दादीला बसताच येत नव्हतं. इस्टेटच्या मागच्या सीट पाडल्या, त्यावर कापसाची गादी टाकली. “बिस्तर बिछाओ, मैं लेट के जाती,” दादी म्हणाली, जणू सहलीलाच निघाली होती. मागचं दार उघडून चौघांनी तिला चादरीसकट आत सरकवलं. मी तिच्या उशाशी पाय दुमडून बसले. घाटात तिनं डोळे मिटून सफरची दुआ पुटपुटली आणि मग विचारलं, “बाहर क्या दिखता?” मी तिला डोंगर सांगत राहिले. त्यानंतर आमच्या घरात त्या गाडीला कुणी नाव ठेवलं नाही.

दोन दारांच्या गाडीत, मग ती कुठल्याही कंपनीची असो, मागे बसणाऱ्याला स्वतःचं दार नसतं. पुढच्यानं उतरायचं, सीट वाकवायची, मग मागच्यानं अंग चोरून आत शिरायचं. उतरतानाही तेच. तरुण मुलाला ही गंमत वाटते. पण आमच्यासारख्या घरांत मागे कोण बसायचं? पुढे पुरुष, मागे बायका, पोरं आणि म्हातारी. बुरख्याचा घेर सावरत, कडेवर मूल घेऊन त्या फटीतून निघून पाहा. हा त्या गाडीचा दोष नव्हे. ती बनवतानाच पुढच्या दोघांचा विचार केलेला असतो. मागची जागा असते, पण ती मेहरबानीवर. मला उतरायचं असेल तर आधी दुसऱ्याला उतरावंसं वाटलं पाहिजे. गाडीत बसून मी ही गोष्ट शिकले आणि नंतर घरात, जमातीच्या बैठकीत, शाळेच्या कमिटीत ती पुन्हा पुन्हा ओळखू आली.

हदीसमध्ये माणसाच्या सुखाच्या गोष्टी सांगताना चांगला शेजारी आणि ऐसपैस घर यांच्या जोडीला आरामदायी सवारीही येते. मला वाटतं, शेजारी आणि घर यांच्या सोबतीला सवारी बसवली आहे ती उगाच नाही. तिन्हींत आपल्याबरोबर दुसरंही कुणी असतं.

तरीही आपल्या लोकांनी इस्टेट स्वीकारली नाही. सिएरा आणि इस्टेट दोघीही गेल्या. १९९४ मध्ये आलेली सुमो मात्र गावोगाव पोचली. सुमंत मुळगावकरांच्या नावातली पहिली अक्षरं घेऊन केलेलं ते नाव. २००४ मध्ये इंडिगो मरीना या नावानं पुन्हा एक इस्टेट येऊन गेली, तीही टिकली नाही. मग २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं आणि लांब पाठीची गाडी स्वस्तात बनवणं आणखी अवघड झालं. कंपन्या डिक्की छाटायला लागल्या.

पण गरज कुठं गेली होती? आमच्या नाशकातच तिचं उत्तर तयार होत होतं. महिंद्राची बोलेरो २००० मध्ये आली, स्कॉर्पिओ २००२ मध्ये. सातपूरच्या कारखान्यामुळे या गाड्या आम्हाला घरच्याच वाटायच्या. मोहल्ल्यातली कितीतरी मुलं तिथल्या छोट्यामोठ्या वर्कशॉपमध्ये कामाला जायची. लोकांनी या उंच गाड्या डोक्यावर घेतल्या, कारण त्यांत जागा इस्टेटची होती आणि रुबाब सिएराचा. लांब पाठीची लाज वाटणाऱ्याला उंच छाती चालत होती. फक्त एक गोष्ट राहून गेली. दार मिळालं, पण पायरी उंच झाली. गुडघे दुखणाऱ्या अम्मीला आजही अशा गाडीत चढवताना आम्ही पाट शोधतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये टाटांनी सिएरा हे नाव पुन्हा बाजारात आणलं. वळणाऱ्या काचेची आठवण ठेवली आहे, पण मागच्या प्रवाशांना आता त्यांची दारं आहेत. बातमी वाचून मला बरं वाटलं. देखणेपण ठेवायला मागच्या माणसाचं दार काढून घ्यावं लागत नाही, हे कळायला चौतीस वर्षं लागली, एवढंच.

माझी भाची आता कमावती आहे. पहिल्या पगारापासून पैसे साठवून तिनं गाडी घ्यायचं ठरवलंय. मोबाइलमध्ये दहा गाड्यांचे फोटो घेऊन ती माझ्याकडे आली. रंग, स्क्रीन, छतातली काच, सगळं तिला तोंडपाठ. मी तिला म्हटलं, “शोरूमला जाशील तेव्हा अम्मीला घेऊन जा. तिला मागे बसव. दार तिचं तिला उघडता येतं का बघ. पाय कुठं टेकतो, बुरखा दारात अडकतो का, उतरताना धरायला काही आहे का, ते बघ. मागची सीट पाडून एक माणूस आडवं होऊ शकतं का, तेही बघ.”

“आणि मी चालवून नाही बघायची?” ती म्हणाली.

“बघ की. आवडेल तो रंगही घे. पण आधी अर्धा तास तूही मागे बस.”