बेरेंगेलाच्या सोयरिकी

बुर्गोसच्या कथीड्रलभोवतीची प्रवाशांची दाटी मागे टाकून, आर्लान्सोन नदी ओलांडून, तिच्या दक्षिण तीराने पश्चिमेकडे सावकाश चालत गेले म्हणजे लास वेल्गासचा मठ लागतो. कास्तिलचा राजा आठवा आल्फोन्सो आणि त्याची इंग्रज राणी लेओनोर यांनी ११८७ साली सिस्टर्शियन पंथाच्या जोगिणींसाठी हा मठ वसविला, आणि त्याला इनामे व सनदा इतक्या सढळ हाताने दिल्या की, पन्नासांहून अधिक गावांची मुखत्यारी मठाध्यक्षेच्या, म्हणजे एका स्त्रीच्या, हाती आली. तिचा धर्माधिकार तर थेट १८७३ पर्यंत अबाधित होता. जोगिणी आजही येथे राहतात, आणि ज्या मध्यगृहात त्या प्रार्थनेस बसत, तेथेच संस्थापक पतिपत्नींची जोडसमाधी आहे. राजाच्या पेटिकेवर कास्तिलचे दुर्ग कोरलेले आहेत, राणीच्या पेटिकेवर इंग्लंडचे तीन चित्ते. एका सोयरिकीचा दस्तऐवज दगडावर शिक्कामोर्तब करून ठेवावा, तसे ते दृश्य आहे.

लेओनोर ही इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीची मुलगी. ११७० साली ती आल्फोन्सोच्या घरी आली, आणि गास्कनी प्रांत हे आपल्या राणीचे आंदण आहे, असा दावा करीत आल्फोन्सोने पुढे त्या प्रांतावर स्वारीही केली. मुलीबरोबर मुलूख देण्याची ही रीत आपल्याला अपरिचित वाटू नये, कारण त्याच द्वीपकल्पातल्या पोर्तुगालच्या कातेरिना या राजकन्येच्या विवाहाच्या १६६१ च्या तहात मुंबईचे बेट इंग्लंडच्या राजास आंदण म्हणून लिहून देण्यात आले होते. लेओनोरच्या मुलींपैकी उर्राका पोर्तुगालला गेली, धाकटी लेओनोर आरागोनला, आणि ब्लांका फ्रान्सला. ब्लांकाला नेण्यासाठी तिची आजी, आकितेनची एलेनोर, जवळजवळ ऐंशीच्या घरात असताना, १२०० सालच्या हिवाळ्यात पिरेनीज ओलांडून आली होती. वास्तविक आधी उर्राकाचे नाव निघाले होते. ते फ्रेंचांच्या कानांना कर्कश लागेल म्हणून म्हातारीने धाकटीला निवडले, अशी कथा आहे. ती खरी असो वा नसो, निवड चुकली नाही, कारण हीच ब्लांका पुढे संत लुईची आई आणि फ्रान्सची समर्थ कारभारीण झाली.

परंतु मला येथवर ओढून आणले ते थोरल्या मुलीने. बेरेंगेलाची समाधी पाहायला गेलेला प्रवासी प्रथम तिच्यासमोरून तसाच पुढे जाण्याचा संभव आहे, इतकी ती साधी, कोरीवकामाशिवायची दगडी पेटी आहे. मठाच्या वस्त्रसंग्रहालयात मात्र तिच्या समाधीतून निघालेली उशी पाहावी. तांबड्या रेशमाची, सोन्याच्या तारांनी विणलेली ही उशी मुसलमान कारागिरांच्या हातची असून तिच्यावरील वर्तुळाभोवती ईश्वर एकच असल्याची ग्वाही अरबी लिपीत विणलेली आहे. मुसलमानांशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजणाऱ्या घराण्याच्या राणीने त्याच अक्षरांवर डोके टेकून चिरनिद्रा घ्यावी, यात त्या काळाला काही विसंगत वाटले नाही. तिच्या वडिलांनी तोलेदोत पाडलेल्या सोन्याच्या नाण्यांवरही अरबी मजकूरच होता.

बुर्गोसहून पश्चिमेस निघालेली वाट सांतियागोच्या यात्रेकरूंची आहे. मी ती मोटारीने गाठली, हे पायी चालणाऱ्यांच्या देखत सांगताना थोडे ओशाळल्यासारखे होते. वाटेवर कार्रिओन हे गाव लागते. आज झोपाळू वाटणाऱ्या या गावात ११८८ साली आल्फोन्सोने दरबार भरविला, आणि त्यात जे घडले त्याचा योगायोग एखाद्या नाटककारालाही धाडसाचा वाटला असता. जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा पुत्र कोनराड याच्याशी बेरेंगेलाचे लग्न ठरले होते. त्याला येथे सरदारकीची तलवार बांधण्यात आली. त्याच दरबारात लेओनच्या नवव्या आल्फोन्सोनेही कास्तिलच्या राजाच्या हातून तलवार बांधून घेतली आणि भर सभेत त्याच्या हाताचे चुंबन घेतले, ज्याचा सल तो पुढे कधीच विसरला नाही. आठनऊ वर्षांच्या त्या मुलीचे दोन्ही नवरे, एक नियोजित आणि एक भावी, अशा रीतीने एकाच मांडवाखाली उभे होते.

कोनराडशी झालेला करारनामा त्याच वर्षी जर्मनीत झेलिगेनश्टाट येथे लिहिला गेला होता. बेचाळीस हजार सुवर्णनाण्यांचे आंदण त्यात होते. पण त्याहून महत्त्वाचे कलम असे की, राजास मुलगा न राहिल्यास गादीचा हक्क बेरेंगेलाचा, आणि कोनराडला जे काही मिळायचे ते तिचा पती म्हणूनच. पुढच्याच वर्षी राजाला फेर्नांदो हा मुलगा झाला, जर्मन पक्षाचा उत्साह ओसरला, मुलीनेही नकार दिल्याचे इतिवृत्तकार लिहितात, आणि ते लग्न बारगळले. कागद मात्र राहिला. माझ्या मते बेरेंगेलाच्या आयुष्याचे सारे मर्म येथेच आहे: तिची लग्ने मोडत गेली, आणि प्रत्येक मोडलेल्या लग्नातला करारनामा ती जपत गेली.

कार्रिओनच्या दक्षिणेस आणि पश्चिमेस तिएर्रा दे काम्पोस हा गव्हाचा सपाट मुलूख पसरलेला आहे. झाड विरळ, गावे मातकट रंगाची, आणि अधूनमधून एखादी पडकी गढी. कास्तिल आणि लेओन यांची सरहद्द याच पट्ट्यातून जाई आणि तिच्या ठाण्यांवरून दोन्ही चुलतघराणी एकमेकांशी भांडत. ११९५ साली आलार्कोसच्या रणात मुसलमानांनी कास्तिलचा मोड केला, तेव्हा लेओनच्या आल्फोन्सोने विजेत्यांशी संधान बांधून कास्तिलवर चाल करण्यास मागेपुढे पाहिले नाही. हा तंटा मिटविण्यासाठी राणी लेओनोरने जी मसलत पुढे रेटली ती सोयरिकीची: भांडणातले किल्ले बेरेंगेलाच्या नावे करावेत, आणि बेरेंगेला लेओनला द्यावी. ११९७ साली वाय्यादोलिदला लग्न लागले. दोन वर्षांनी नवऱ्याने तीस किल्ले तिला लिहून दिले. अडचण एवढीच होती की, नवरा हा तिच्या वडिलांचा सख्खा चुलतभाऊ होता, आणि त्याचे आधीचे लग्न, पोर्तुगालच्या तेरेसाशी झालेले, अशाच नात्याच्या कारणावरून रद्द झाले होते. नवा पोप तिसरा इनोसंट याने बहिष्काराचे शस्त्र उपसले. १२०४ मध्ये, पाच मुले झाल्यावर, बेरेंगेला माहेरी परतली. परंतु थोरला मुलगा फेर्नांदो लेओनच्या गादीचा वारस म्हणून मान्य करून घेण्याचे काम ती करून आली होती, आणि १२०६ च्या काब्रेरोसच्या तहाने त्या हक्कावर मोहोर उठविली. तो तह लॅटिनऐवजी लोकभाषेत लिहिलेल्या सर्वांत जुन्या राजकीय कागदांपैकी एक आहे.

पालेन्सियात मी फार वेळ थांबलो नाही, परंतु हे शहर टाळून पुढे जाणेही शक्य नव्हते. बेरेंगेलाचा भाऊ फेर्नांदो आधीच वारला होता. १२१४ साली आईवडील एकाच महिन्यात गेले. आणि गादीवर बसलेला तिचा लहानगा भाऊ एन्रिके १२१७ च्या जूनमध्ये येथे सवंगड्यांबरोबर खेळत असता छपराचे कौल डोक्यात पडून मेला. त्याचा कारभारी आल्व्हारो दे लारा याने प्रेत हलवून मृत्यूची बातमी दडविली. बेरेंगेलाने त्याच्यावर ताण केली. तोरो येथे असलेल्या पूर्वाश्रमीच्या नवऱ्याला भावाच्या मृत्यूचा सुगावाही लागू न देता, काही निमित्त सांगून तिने आपला मुलगा त्याच्याकडून आणविला, आणि जुलैच्या आरंभी वाय्यादोलिदच्या बाजाराच्या मैदानात राणी म्हणून जयजयकार स्वीकारून त्याच सभेत मुलाला राज्य देऊन टाकले. हा तिचा त्याग म्हणून गौरविण्याची प्रथा आहे. मला तरी त्यात हिशेब अधिक दिसतो, कारण पुढची तीस वर्षे कास्तिलच्या मसलतीत तिचाच शब्द अखेरचा राहिला.

मुलाची सोयरीक जुळविताना तिने पुन्हा जर्मनीकडे पाहिले. बिशप मावरिसियो वकिलातीवर गेला आणि स्वाबियाची बेआत्रिस घेऊन आला. १२१९ च्या नोव्हेंबरात लास वेल्गासमध्ये फेर्नांदोने स्वतःच्या हाताने तलवार बांधली आणि तीन दिवसांनी बुर्गोसला लग्न लागले. ही बेआत्रिस म्हणजे त्या कोनराडची सख्खी पुतणी. बुर्गोसच्या भव्य कथीड्रलचा पाया दोन वर्षांनी याच मावरिसियोने घातला.

प्रवासाचा शेवटचा टप्पा बेनावेन्ते. सांता मारिया आणि सान हुआन ही तेथली दोन्ही देवळे बाराव्या शतकात आरंभलेली. १२३० साली लेओनचा आल्फोन्सो वारला आणि मरताना त्याने राज्य फेर्नांदोला डावलून तेरेसाच्या मुली, सांचा आणि दुल्से, यांच्याकडे जावे असे ठरविले. युद्ध दाराशी आले होते. तेव्हा त्या मृत राजाच्या दोन सोडलेल्या बायका, दोघीही पोपने अमान्य ठरविलेल्या, समोरासमोर बसल्या, आणि डिसेंबरात बेनावेन्तेच्या करारनाम्याने मुलींनी वर्षाला तीस हजार मारावेदींच्या तनख्यावर हक्क सोडला. कास्तिल आणि लेओन त्या दिवसापासून एका गादीखाली आले. त्या नवऱ्याने आयुष्यभर केलेल्या सर्व स्वाऱ्यांपेक्षा हा तनखा स्वस्त पडला असावा.

बेआत्रिस १२३५ साली निवर्तल्यावर बेरेंगेलाने मुलासाठी पुन्हा स्थळ पाहिले, आणि या वेळी फ्रान्सहून ब्लांकाने पाँत्यूची जान सुचविली. वधूवरांत दूरचे नाते निघत होते. पण एव्हाना घराण्याला अनुभव भरपूर झाला होता. पोपची सवलत आधी पदरात पाडून घेतली, आणि मगच १२३७ साली लग्नाची तिथी धरली.