सासरी गेलेले शब्द

मुंगूस हा आपला घरचा शब्द तीनशे वर्षांपूर्वीच इंग्रजीच्या घरी नांदायला गेला, हे सांगितलं तर मुलांना खरं वाटत नाही. तिथे तो ‘माँगूस’ झाला. शेवटी ‘गूस’ आलं ना, म्हणून मुलं ‘गूस’चं ‘गीस’ करतात तसं याचंही अनेकवचन हटकून ‘माँगीस’ लिहितात. शब्दकोशात मात्र ‘माँगूसेस’ आहे. आपली चाळसुद्धा इंग्रजीत ‘चॉल’ झाली आणि पुष्कळ असल्या की ‘चॉल्स’. शब्द परक्या घरी गेला की त्या घरच्या रीती त्याला पाळाव्या लागतात. भगिनींनो, हे आपल्याला वेगळं का समजवायला हवं!

मी अंधेरीला एका शाळेत अर्धवेळ इंग्रजी शिकवते. एकदा एका मुलीने जुनं-नवं अशी दोन पुस्तकं पुढे ठेवली. “बाई, यात ‘द युक्रेन’ आहे, यात नुसतंच ‘युक्रेन’. खरं कुठलं?”

प्रश्न चांगला होता. इंग्रजीत देशाच्या नावाआधी सहसा ‘द’ लागत नाही. मुलखाच्या नावाला लागतो. आपल्या दख्खनला नाही का ‘द डेक्कन’ म्हणत? युक्रेन 1991 साली स्वतंत्र झाला. तिथल्या लोकांचं म्हणणं असं की, आम्ही कुणाचा मुलूख नाही, देश आहोत. तो ‘द’ काढा. राजधानीचंही तसंच. इंग्रजीत रूढ झालेलं ‘कीएव्ह’ रशियनमधून आलेलं; त्यांच्या स्वतःच्या भाषेत ते ‘कीइव्ह’. इंग्रजीतही आमचंच नाव लिहा, असं त्यांनी 1995 साली ठरवलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी बॉम्बेची अधिकृत मुंबई झाली. पण असोसिएटेड प्रेस आणि बीबीसी यांनी ‘कीइव्ह’ लिहायला 2019 साल उजाडलं. स्वतःचं नाव दुसऱ्याच्या तोंडी बसवायला चोवीस वर्षं! आणि आपलं तरी काय? मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या नावात अजून ‘बॉम्बे’च आहे.

एका ‘द’चं एवढं काय, असं कुणी म्हणेल. मुंगसाला काही वाटत नाही, हे खरं. पण गाव माणसांचं असतं, त्यांना वाटतं. माझ्या बी.ए.च्या प्रमाणपत्रावर एक नाव आहे, रेशनकार्डावर दुसरं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, तेही कौतुकानेच. सासरी मला कसला जाच नाही. तरी बँकेत ‘या दोघी एकच का?’ असं विचारलं की क्षणभर मलाच उत्तर सुचत नाही.

येत्या मार्गशीर्षात धाकट्या भावोजींचं लग्न आहे. परवा भाजी निवडताना सासूबाई म्हणाल्या, “नवीचं नाव काय गं ठेवायचं? तू शिकलेली, तूच सुचव.”

मी म्हटलं, “आई, आधी तिलाच विचारू या ना, बदलायचं का ते.”

सासूबाईंनी मेथीची जुडी सोडली, थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मला कुणी विचारलं नव्हतं. विचार तिला. आजच फोन कर.”