उजवा की डावा?

माउंट मेरीच्या रस्त्यावर नवसाच्या मेणाच्या वस्तू मिळतात. घरं, बाळं, पाय. मी हात मागितला, तर स्टॉलवरच्या मावशींनी विचारलं, "उजवा की डावा?"

मी गप्प.

आईला अर्धांगवायूचा झटका येऊन तीन महिने झाले होते. नवस तिचा, मी नुसता डिलिव्हरीवाला. व्हिडिओ कॉलवर रोज बघत होतो, पण कॅमेऱ्यात बाजू उलटी दिसते की सरळ, यातच अडकलो. मावशींनीच एक हात पुढे केला. "हा घे, दोन्हीकडून चालतो."

वांद्र्याच्या टेकडीवरच्या या चर्चला कोळी 'मोत माउली' म्हणतात. मोत म्हणजे मोती की पोर्तुगीज 'मोंते', डोंगर, हे नक्की ठाऊक नाही. आजची इमारत 1904 सालची, आराखडा शापूरजी चांदाभॉय यांचा. 1954 साली तिला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला.

आत कमानींकडे बघत बसलो. गोल कमान वरचं वजन बाजूंना ढकलते, म्हणून तिला जाड भिंती लागतात. टोकदार कमान तेच वजन बरंचसं सरळ खाली उतरवते. त्यामुळे भिंत उंच नेता येते, खिडक्यांना जागा मिळते. फ्रान्समध्ये बाराव्या शतकात ही गरज होती. 1904 साली लोखंडी तुळया मिळत होत्या, म्हणजे इथे टोकदार कमान ही हौसच. पण मान आपोआप वर जाते, एवढं खरं.

मूर्ती इमारतीपेक्षा कितीतरी जुनी, पोर्तुगीजांच्या काळातली. 1700 साली अरबी चाचे आले आणि तिच्या हातातल्या सोनेरी वस्तूसाठी त्यांनी हातच तोडला, असं सांगतात. पुढे मूर्ती परत बसवताना तुटलेली बाजू झाकायला तिथे बाळ दिलं म्हणे.

तुटला तो उजवा हात.

आणि मग आठवलं. आई हल्ली फोन डाव्या हातात धरते. सवय नाही, तो घसरतो आणि मला तिचं फक्त कपाळ दिसतं. तीन महिने मी कपाळाशी बोलतोय आणि "फोन नीट धर ना" म्हणून वैतागतोय.

हात ठेवला. बाहेर येऊन पायऱ्यांवरून फोन लावला. कपाळ दिसलं.

"ठेवलास का रे?"

"ठेवला."

"उजवाच ना?"

"हो गं. उजवाच."