काळ्या पाखराचा डोळा

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेलात की भिगवण लागते. तिथून कुंभारगावचा काठ जवळच. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि भीमेचे पाणी इथे पसरले. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला माणसांची रीघ लागते. माझा जीव मात्र जडला तो बुडीत झाडाच्या खुंटावर पंख वाळवीत बसलेल्या पाणकावळ्यावर.

पहिल्या खेपेला भर अकराच्या उन्हात गेलो. ऊन भरपूर म्हणजे फोटो चांगला, हा माझा हिशेब! होडीवाल्या मामांना फोटो दाखवले. त्यांच्या घरची जमीन याच पाण्याखाली गेलेली; इथली पाखरे ते रोज पाहतात. म्हणाले, "यात पाखरू कुठाय? हा तर चुलीतला कोळसा."

बोलणे लागले, पण खरे होते. मागे पाणी चकाकत असले की कॅमेऱ्याला वाटते उजेड फार झाला. तो उजेड कमी करतो आणि पाखरू काळे ठिक्कर पडते. अशा वेळी आपण एक-दीड स्टॉप उजेड वाढवावा. मोबाइल असेल तर पाखरावर बोट टेकवून उजेडाची पट्टी वर सरकवावी. पण म्हशीच्या पाठीवरचा कोतवाल जवळून टिपाल, तर नेमके उलटे होते. चौकटभर काळेच पाहून कॅमेरा उजेड वाढवतो आणि पिसे राखेसारखी फिकी येतात. तिथे तो उतरवावा. वारकरी पक्ष्याच्या कपाळावर पांढरा टिळा असतो. उजेड जास्त झाला तर तो टिळाच पुसला जातो.

दुसऱ्या खेपेला दिवस उगवतानाच पाण्यावर होतो. सूर्य पाठीशी घेतला. मामांनी वल्हे लांबच थांबवले. "आणखी पुढं नको. पंख वाळत घातलेत त्यानं, उगं उठवू नका."

दुपारी काळी दिसलेली मोरशराटी त्या कोवळ्या उन्हात तांबूस निघाली, पंखावर हिरवी झाक. आणि मोठ्या पाणकावळ्याने मान वळवली, तर डोळा पाचूसारखा हिरवा! त्यात उन्हाचा एक ठिपका. तेवढ्यात बटण दाबले.

मामांनी फोटो बराच वेळ पाहिला. "आता बघतंय बघा आपल्याकडं," म्हणाले, आणि घरी दाखवायला त्याची एक प्रत मागून घेतली.