नोंदवहीची साक्ष

कांहीं शब्द असे असतात कीं, ते कानीं पडतांच मनुष्याचा विचार थांबतो आणि भीति काम करूं लागते. "हल्ला" हा त्यांपैकींच एक शब्द होय. रणांगणावर त्याचा अर्थ स्पष्ट असतो; परंतु हल्लीं तो आपल्या घरांतील भिंतीवरच्या एका लहानशा पेटीकडूनहि ऐकूं येऊं लागला आहे. राऊटर नांवाची ही पेटी घरांत इंटरनेट आणते, आणि मधून मधून "आपल्या राऊटरवर हल्ला झाला, तो अडविला आहे," अशी सूचना मोबाईलवर पाठविते. ही सूचना वाचून काय करावें, आणि त्याहूनहि महत्त्वाचें म्हणजे काय करूं नये, याविषयीं माझ्या पाहण्यांत आलेली एक हकीकत विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावीशी वाटते.

सन २०२३ चा मे महिना होता. सोलापूरचा उन्हाळा वाचकांस नव्यानें सांगावयास नको. आम्ही राहतों त्या वाड्यांत तीन बिऱ्हाडें. तळमजल्यावर एक सेवानिवृत्त कारकून राहत. त्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतों. त्यांची मुलगी पुण्यांतील एका कंपनीचें काम घरीं बसून करी. नोकरी नवीन, अद्याप कायम न झालेली, आणि घराचा बहुतेक भार तिच्याच पगारावर. वरच्या मजल्यावर यंत्रमागावर टॉवेल विणणाऱ्या एका कामगाराचें बिऱ्हाड होतें. त्याचा मुलगा नववींतला, माझाच विद्यार्थी. मोडके मोबाईल गोळा करून ते उघडण्याचा त्याला भारी नाद.

त्या महिन्यांत मुलीचें इंटरनेट वारंवार तुटूं लागलें. कंपनीची सभा चालू असावी, ती बोलत असावी, आणि एकाएकीं सर्व कांहीं बंद पडावें! वरिष्ठांनीं तिला दोनदां ताकीद दिली. त्याच सुमारास मोबाईलवर हल्ल्याच्या सूचना दिसूं लागल्या. एकेका दिवसांत पन्नास पन्नास. अण्णांनीं या दोन गोष्टींची सांगड घातली आणि तिसरीहि जोडली. महामारीच्या काळांत ऑनलाइन वर्गांसाठीं वरच्या मुलाला त्यांनींच आपला वाय-फायचा पासवर्ड दिला होता. "मास्तर, हें त्या पोराचंच काम. दुसरं कोण करणार? मी उद्यां पोलिसांत जातों," असें ते मला म्हणाले. त्या रात्रीं मुलाची आई आमच्या दाराशीं आली. ती एवढेंच विचारीत होती, "सर, त्याची शाळा तर सुटणार नाहीं ना?"

मीं अण्णांस विनंती केली कीं, आपण आठ दिवस थांबावें, आणि तोंवर एक नोंदवही ठेवावी. मुलीनें इंटरनेट तुटल्याची वेळ मिनिटासह लिहावी, आणि त्या क्षणीं राऊटरवरचे दिवे कसे होते तेंहि लिहावें. राऊटर स्वतःहि आपली रोजनिशी ठेवीत असतो. तिला लॉग म्हणतात. ती मीं रोज संध्याकाळीं उतरून घ्यावी. अण्णा नाखुषीनें कां होईना, कबूल झाले.

आठ दिवसांत इंटरनेट ९ वेळां तुटलें. दोन्ही नोंदी शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां चार गोष्टी दिसून आल्या.

पहिली गोष्ट अशी कीं, हल्ल्याच्या सूचनांचा आणि तुटण्याचा मेळ बसत नव्हता. सूचना दिवसरात्र येत. रात्रीं दोन वाजतांहि येत. ज्या तासांत त्या सर्वांत अधिक आल्या, त्या तासांत इंटरनेट सुरळीत चाललें होतें.

दुसरी गोष्ट, सूचनेंत हल्ला कोणत्या पत्त्यावरून आला तो आंकड्यांत दिलेला असतो. अण्णांच्या राऊटरनें घरांतील प्रत्येक यंत्रास १९२.१६८ या आंकड्यांनीं सुरू होणारा पत्ता दिलेला होता. वरच्या मुलानें अण्णांच्या वाय-फायमधून कांहीं केलें असतें, तर तसला पत्ता दिसावयास हवा होता. एकाहि सूचनेंत तो नव्हता. सारे पत्ते बाहेरचे होते. त्यांतील कांहीं तर नामांकित कंपन्यांच्या संगणकांचे निघाले. मुलीनें एखादें पान उघडून मिटविलें कीं, त्याचें उशिरां आलेलें उत्तर राऊटरला अनोळखी वाटे, आणि तो त्यालाहि हल्ला म्हणे!

तिसरी गोष्ट दिव्यांची. फायबरची तार तुटली असती, तर एलओएस हा दिवा लाल झाला असता व बाकीचे दिवे चालू राहिले असते. येथें सर्वच दिवे क्षणभर विझत आणि मग एकेक लागत. शिवाय दर वेळीं तुटल्यानंतर रोजनिशीची पहिली नोंद १ जानेवारी १९७० या तारखेची असे. हें गूढ नव्हे. अशा बहुतेक यंत्रांचें घड्याळ त्या दिवसापासून सेकंद मोजूं लागतें. वीज जाऊन राऊटर नव्यानें सुरू झाला कीं, बाहेरून खरी वेळ मिळेपर्यंत तो तीच तारीख लिहितो. म्हणजे इंटरनेट कोणी तोडीत नव्हतें. राऊटरचीच वीज तुटत होती.

चौथी गोष्ट मुलीच्याच ध्यानांत आली. ९ पैकीं ७ वेळा नळाला पाणी येण्याच्या दिवसांच्या होत्या. आमच्या गल्लींत तेव्हां रोज पाणी येत नसे. ज्या दिवशीं येई, त्या दिवशीं घरोघरच्या मोटारी एकदम सुरू होत, विजेचा दाब खालीं जाई, पंखे मंद होत. मुलीच्या लॅपटॉपला स्वतःची बॅटरी होती, म्हणून तो चालूच राही. परंतु राऊटरचा अडॅप्टर जुना झालेला, त्याला तेवढा धक्का सोसत नसे. उरलेल्या दोन वेळीं तर गल्लींतील वीजच गेली होती.

अडॅप्टर उघडण्याच्या भरीस आम्ही पडलों नाहीं. तें धोक्याचें असतें. राऊटरच्या पाठीवर १२ व्होल्ट लिहिलें होतें, तितक्याच व्होल्टचा नवा अडॅप्टर आणला, आणि वीज गेली तरी राऊटर चालावा म्हणून लहानसा बॅटरीचा संच जोडला. पुढच्या पाण्याच्या दिवशीं मोटारी लागल्या, पंखे मंदावले, आणि मुलीची सभा शेवटपर्यंत निर्वेध पार पडली. अण्णा कांहीं बोलले नाहींत. परंतु राऊटरला नवा पासवर्ड घालण्याची वेळ आली, तेव्हां त्यांनीं जिन्याशीं उभें राहून वरच्या मुलालाच हांक मारली.

मग त्या सूचना खोट्या होत्या काय? तसेंहि नाहीं. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारें ४२९ कोटि आहेत. सन २०१३ मध्यें अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, योग्य साधनें असल्यास एक संगणक या साऱ्या पत्त्यांचें दार पाऊण तासाच्या आंत ठोठावूं शकतो. जगांत असे ठोठावणारे पुष्कळ आहेत. कोणी अभ्यासासाठीं, कोणी चोरीसाठीं. बाहेरून दिसणारा पत्ता ज्या राऊटरला असतो, त्याचें दार दिवसभर वाजत राहतें. दार बंद आहे तोंवर त्या आवाजानें घाबरण्याचें कारण नाहीं. तें उघडें राहिलें तर मात्र अनर्थ होतो. सन २०१६ मध्यें मिराई नांवाचा घातक प्रोग्राम पसरला. त्याच्याजवळ कारखान्यांतून येणाऱ्या सुमारें ६० ठराविक पासवर्डांची यादी होती. ज्या राऊटर-कॅमेऱ्यांचे मालक तो पासवर्ड बदलावयाचे विसरले होते, तीं यंत्रें त्यानें ताब्यांत घेतलीं. त्याच्या करत्यांनीं, विशींतल्या तिघां अमेरिकन तरुणांनीं, पुढें न्यायालयांत गुन्हा कबूल केला. त्याच वर्षीं जुलैमध्यें मुंबईंतील कांहीं इंटरनेट पुरवठादारांवर निरर्थक मागण्यांचा असा पूर लोटला कीं, पोलिसांकडे गुन्हा नोंदवावा लागला. सन २०१७ च्या जुलैअखेर भारत संचार निगमाच्या ग्राहकांच्या हजारों मोडेमांत असाच एक प्रोग्राम शिरला. मूळचा पासवर्ड न बदललेलीं यंत्रें त्याला बळी पडलीं, आणि पासवर्ड बदला, असें निगमास लोकांना सांगावें लागलें.

म्हणून प्रत्येक घरीं एवढें करावें. राऊटरच्या व्यवस्थेचा पासवर्ड आणि वाय-फायचा पासवर्ड, हे दोन्ही निराळे व लांब ठेवावे. बाहेरून राऊटर चालविण्याची सोय बंद करावी. कंपनी सुधारित प्रोग्राम देईल तेव्हां तो घालावा. कोठें खरोखर फसवणूक होऊन पैसे गेले, तर वेळ न दवडतां १९३० या क्रमांकावर कळवावें.

विद्यार्थी मित्रहो, शाळेंत प्रयोगाची वही लिहितांना तुम्हांस कंटाळा येतो, हें मला ठाऊक आहे. काय पाहिलें तें वेळेसह लिहा, अनुमान मागाहून काढा, असें आम्ही शिक्षक पुनःपुन्हा सांगतों. ही शिस्त केवळ परीक्षेच्या गुणांसाठीं आहे, असें मानूं नका. ज्याला यंत्रांतलें कांहीं कळतें, त्याच्यावर यंत्र बिघडतांच बोट दाखविणें फार सोपें असतें. आणि गरिबाच्या मुलावर आलेला आळ पुसून निघावयास फार दिवस लागतात. आठ दिवसांची चार पानांची वही एका मुलाचें नांव आणि एका मुलीची नोकरी राखूं शकते. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातीं अधिकार येईल, तेव्हां कोणावर आरोप करण्यापूर्वीं तारीख आणि वेळ मागत जा.